जंतुभक्षक आणि जुनाट रोग

पायांत रुतलेला कांटा काढावयाचा तर दुसरा कांटाच हातीं घ्यावा लागतो, हें खेड्यांतल्या पोराला कोणी शिकवावें लागत नाहीं. आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तोही असाच एक कांटा आहे. आपल्या शरीरांत शिरून रोग उत्पन्न करणारे जे सूक्ष्म जंतु, त्यांनाही शत्रु आहेत. त्यांच्याहून कितीतरी लहान असे त्यांचे भक्षक सृष्टींत सर्वत्र भरलेले आहेत. शास्त्रज्ञ त्यांना बॅक्टेरिओफेज, किंवा थोडक्यांत फेज, असें म्हणतात. आपण त्यांना जंतुभक्षक म्हणूं. औषधांना दाद न देणाऱ्या जुनाट व चिवट रोगांवर या भक्षकांचा उपयोग होईल काय, हा प्रश्न अलीकडे जगभर विचारला जात आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून उभा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविलेला शाळामास्तर आहें. तेव्हां औषध सुचविण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु पुरावा कशाला म्हणावें आणि ऐकीव वार्ता कशाला म्हणावें, हें समजावून सांगण्याचा सराव मला आहे, व या विषयांत त्याचीच गरज अधिक आहे.

हा प्रश्न आतांच कां उद्भवला, तें आधीं पाहूं. १९२८ सालीं लंडनमध्यें अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला आणि १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत तें रोग्यांच्या हातीं आलें. त्यापूर्वीं बोटांत गेलेली कुसळ पिकूनही माणूस दगावत असे; त्यानंतर न्युमोनियासारखे प्राणघातक रोग आठवड्याभरांत हटूं लागले. परंतु १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं दिलेल्या व्याख्यानांत खुद्द फ्लेमिंग यांनींच बजाविलें होतें कीं, औषध अपुऱ्या मात्रेनें घेतल्यास जंतु मरणार नाहींत, उलट त्या औषधाला सरावतील. तसेंच झालें. सर्दीपडशावर, जेथें प्रतिजैविकांचा कांहीं एक उपयोग नाहीं तेथें, त्यांचा मारा झाला. डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध दोन दिवसांत बरें वाटतांच टाकून दिलें गेलें. जनावरें व कोंबड्या लवकर वाढाव्या म्हणून त्यांच्या खाद्यांतही तें मिसळलें गेलें. २०१९ या एका वर्षांत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें मृत्यु पावलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नवीं प्रतिजैविकें निघण्याचा वेग मंदावला आहे आणि जुन्यांची धार बोथट होत आहे. म्हणून लोकांचें लक्ष पुन्हा एका जुन्या उपायाकडे वळलें आहे.

या उपायाच्या कथेचा पहिला अध्याय आपल्याच देशांत घडला. आग्रा येथें सरकारी प्रयोगशाळेंत अर्नेस्ट हँकिन नांवाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ होते. गंगा व यमुना यांच्या पाण्यांत पटकीचे जंतु सोडले असतां ते कांहीं तासांत मरतात, परंतु तेंच पाणी उकळून घेतलें तर त्यांत ते जगतात, असें त्यांना आढळून आलें. १८९६ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. पाण्यांत एखादा उडून जाणारा रासायनिक पदार्थ असावा, असा त्यांचा तर्क होता. तें फेजांचेंच कार्य होतें असें आजही निश्चयानें म्हणतां येत नाहीं. कारण त्यावेळीं फेज ही वस्तुच कोणास ठाऊक नव्हती.

१९१५ सालीं लंडनमध्यें फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना जंतूंच्या थरावर कांचेसारखे पारदर्शक डाग पडलेले दिसले. तेथील जंतु विरघळून गेले होते. दोन वर्षांनीं, १९१७ मध्यें, पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील फेलिक्स देरेल यांनीं हाच चमत्कार स्वतंत्रपणें पाहिला व त्याचा अर्थ लावला. पहिल्या महायुद्धांत रक्ती आंव होऊन आजारी पडलेल्या फ्रेंच सैनिकांच्या विष्ठेचा ते अभ्यास करीत होते. ती विष्ठा पाण्यांत कालवून, जंतूही पार जाणार नाहीं अशा बारीक गाळणींतून गाळली, आणि तें गाळलेलें पाणी आंवेच्या जंतूंनीं गढूळ झालेल्या द्रवांत घातलें, तर तो द्रव निवळशंख होई. जंतूंना खाणारा, जंतूंहून लहान असा कोणी जीव यांत असला पाहिजे असें त्यांनीं ओळखलें, आणि बॅक्टेरिओफेज हें नांव त्यांनींच ठेविलें. १९१९ सालीं पॅरिसच्या बालरुग्णालयांत आंवेनें अत्यवस्थ झालेल्या बारा वर्षांच्या एका मुलाला त्यांनीं तो द्रव पाजला. तत्पूर्वीं तो त्यांनीं स्वतः पिऊन पाहिला होता व तेथील तरुण डॉक्टरांनींही प्राशन केला होता. तो मुलगा थोड्याच दिवसांत बरा झाला.

आतां हा भक्षक काम कसें करतो तें सांगतों. फेज हा एक विषाणु आहे. परंतु तो माणसाला नव्हे, जंतूला बाधणारा विषाणु आहे. तो इतका सूक्ष्म असतो कीं साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसतच नाहीं. पुष्कळशा फेजांना डोकें व शेंपूट असे दोन भाग असतात. शेंपटीच्या टोंकानें तो जंतूच्या अंगावरील एका ठराविक खुणेला चिकटतो, आपल्या डोक्यांतील आनुवंशिक द्रव्य जंतूच्या पोटांत सोडतो, आणि मग तो जंतु आपलें स्वतःचें काम टाकून फेजच घडवूं लागतो. अर्ध्या-पाऊण तासांत त्याच्या पोटांत पन्नास-शंभर नवे फेज तयार होतात, जंतु फुटतो, आणि ते बाहेर पडून शेजारच्या जंतूंवर तुटून पडतात. जंतु आहेत तोंवर हें औषध स्वतःच वाढत जातें; जंतु संपले कीं उपासमारीनें तेंही सरतें. सर्वच फेज मात्र असे तडकाफडकी मारणारे नसतात. कांहीं फेज जंतूच्या पोटांत निपचित राहून त्याच्याच पिढ्यांबरोबर वाढतात, आणि क्वचित् त्याला नवीं विषें बनविण्याची विद्याही देतात. असे फेज उपचारासाठीं वर्ज्य मानले जातात.

यांतील कळीचा शब्द ‘ठराविक खूण’ हा आहे. एका कुलुपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाहीं, तसा एका जातीच्या जंतूचा फेज दुसऱ्या जातीला लागत नाहीं. पुष्कळदां तर त्याच जातीच्या दुसऱ्या पोटजातीलाही लागत नाहीं. शेतांतील तण मारण्यासाठीं आग लावली तर तणाबरोबर पीकही जळतें. प्रतिजैविकांचें कांहींसें तसें आहे. रोगजंतूंबरोबर आंतड्यांतील उपकारक जंतूंचाही तीं संहार करतात. फेज हें खुरपें आहे. खुरप्यानें पीक राखून तण काढतां येतें. परंतु खुरपणी करणाऱ्याला तण कोणतें व पीक कोणतें याची पारख आधीं असावी लागते. या उपचाराचा सारा गुण आणि सारी अडचण या एका गोष्टींत सांठलेली आहे.

आमच्या आळींत एक वृद्ध गृहस्थ राहतात. मधुमेहामुळें त्यांच्या तळपायाला जखम झाली, ती वर्ष उलटलें तरी भरून येईना. त्यांच्या नातवानें फेजांची व गंगेच्या पाण्याची हकीकत कोठेंतरी वाचून आजोबांना सांगितली. ते मला म्हणाले, “गुरुजी, आमच्या देवघरांत वडिलांनीं काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे. तो फोडून तें पाणी जखमेवर घालूं काय? तेंच ना हें औषध?” मी म्हटलें, “आबा, गडू देवघरांतच असूं द्या.” कारण असें आहे: नदीच्या पाण्यांत अनेक जातींचे फेज असतात हें खरें, परंतु आपल्या जखमेंत जो जंतु आहे त्याचाच फेज त्यांत आहे, आणि इतक्या वर्षांनंतर तो जिवंत आहे, याची हमी कोण देणार? उलट त्याच पाण्यांत दुसरे रोगजंतु असतील, ते उघड्या जखमेंत शिरावयास टपलेलेच असतात. पाणी उकळून प्यावें हा हँकिन यांच्या प्रयोगानें खोटा ठरलेला नियम नव्हे. जखमेंतला पू तपासून त्यांत जंतु कोणता आहे व तो कोणत्या औषधाला दाद देतो हें पाहण्याची सोय आज तालुक्याच्या गांवींही होऊं लागली आहे. फेज असो वा नसो, पहिली पायरी तीच.

या उपायाची पूर्वीं एकदां लाट येऊन ओसरलेली आहे. ती कां ओसरली हें जाणून घेणें फार उपयोगाचें आहे. १९२५ सालीं देरेल यांनीं इजिप्तमध्यें गांठीच्या प्लेगाच्या चार रोग्यांना गांठींतच फेज टोंचलें व ते चारही बरे झाले. ही वार्ता पसरतांच त्यांना हिंदुस्थानांत बोलावणें आलें. प्लेगाच्या कामासाठीं ते मुंबईच्या हाफकिन संस्थेंत आले, आणि १९२७ सालीं त्यांनीं पटकीवर प्रयोग केले. पंजाबांतील खेड्यांत रोग्यांना फेज पाजण्यांत आलें आणि विहिरींतही सोडण्यांत आलें. पुढें आसामांत मोठ्या प्रमाणावर एक प्रयोग झाला. नौगांव भागांत फेज वांटलें व तुलनेसाठीं हबीगंज भागांत वांटलें नाहीं. जेथें वांटलें तेथें पटकी कमी झाली. परंतु पटकीची सांथ कोणीं कांहीं न करतांही एका वर्षीं चढते व दुसऱ्या वर्षीं उतरते. मग कमी झाली ती फेजामुळें कीं आपोआप, हें दोनच भागांच्या तुलनेवरून कसें ठरवावें? तें ठरलें नाहीं.

दुसरीकडे बाजारांत निराळाच प्रकार चालला होता. युरोप-अमेरिकेंतील औषधी कंपन्यांनीं फेजांच्या बाटल्या भरून विकावयास काढल्या. एकच बाटली अनेक रोगांवर चालते अशा जाहिराती झाल्या. औषध टिकावें म्हणून त्यांत घातलेल्या द्रव्यांनीं कित्येक बाटल्यांतील फेज आंतल्या आंत मरून गेलेले असत. जंतु कोणता, फेज कोणता, याची गांठ कोणी घातलीच नाहीं. १९३४ सालीं अमेरिकन वैद्यक परिषदेसाठीं ईटन व बेन-जोन्स यांनीं साऱ्या प्रसिद्ध प्रयोगांची छाननी केली, आणि बहुतेक ठिकाणीं पुरावा अपुरा किंवा परस्परविरोधी आहे असा निर्वाळा दिला. तेवढ्यांत पेनिसिलिन आलें, आणि पश्चिमेकडे फेज अडगळींत पडले.

एका ठिकाणीं मात्र हा दिवा तेवत राहिला. तें म्हणजे जॉर्जिया देशांतील तिब्लिसी शहर. देरेल यांचे स्नेही जॉर्ज एलियावा यांनीं तेथें १९२३ सालीं संस्था स्थापन केली होती. देरेल तेथें जाऊन राहिले व काम केलें. परंतु स्टॅलिनच्या राजवटींत १९३७ सालीं एलियावांना गोळी घालून ठार करण्यांत आलें. संस्थापक गेला तरी संस्था राहिली. सोव्हिएत सैन्याला लागणारे फेज तेथें बनत. १९९१ सालीं सोव्हिएत संघ मोडल्यानंतर पैसा व वीज यांच्या टंचाईंतही तेथील माणसांनीं आपला फेजांचा संग्रह जमेल तितका जगविला. आज देशोदेशींचे जुनाट रोगांनीं गांजलेले लोक तेथें जातात. आपल्या देशांतूनही गेलेले आहेत. पोलंडमध्यें व्रॉत्स्वाफ येथील हिर्शफेल्ड संस्थेनेंही हें काम चालू ठेविलें.

जुनाट रोगांशीं या उपायाचा संबंध कोठें येतो, तें आतां पाहूं. न भरणारी जखम, वाहता कान, हाडांत मुरलेला पू, कृत्रिम सांध्याभोंवतीं बसलेला संसर्ग, पुन्हा पुन्हा होणारा मूत्रमार्गाचा दाह, अशा विकारांत जंतु सुटे राहत नाहींत. शेवाळानें दगडावर धरावा तसा ते आपल्याभोंवतीं चिकट थर धरतात. त्या थरांत औषध नीट पोंचत नाहीं. वरचे जंतु मरतात, तळचे उरतात, आणि औषध थांबतांच रोग उलटतो. कांहीं फेजांपाशीं हा थर विरघळविणारीं द्रव्यें असतात, म्हणून आशा वाटते. लंडनच्या एका रुग्णालयांत फुप्फुसांच्या आनुवंशिक विकारानें पीडित अशी पंधरा वर्षांची एक मुलगी होती. फुप्फुसें बदलल्यानंतर क्षयाच्या जातभाईचा एक जंतु तिच्या अंगभर पसरला व औषधें हरलीं. तिच्यासाठीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील संग्रहांतून तीन फेज निवडण्यांत आले. त्यांतील एक दक्षिण आफ्रिकेंत एका कुजक्या वांग्यावर सांपडलेला होता. तिची प्रकृति पुष्कळ सुधारली. हा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. जंतूंचें समूळ उच्चाटन झालें असा दावा मात्र त्यांत केलेला नाहीं.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील येल विद्यापीठाचें आहे. तेथील शास्त्रज्ञांना एका तळ्याच्या पाण्यांत असा फेज मिळाला, कीं जंतूच्या ज्या द्वारांतून औषध बाहेर फेकलें जातें त्या द्वारालाच तो चिकटतो. जंतूनें तें द्वार ठेवावें तर फेज मारतो. मोडून टाकावें तर औषध आंत सांठून मारतें. जंतूची इकडे आड तिकडे विहीर अशी स्थिति होते. हृदयाजवळील कृत्रिम रक्तवाहिनींत जुनाट संसर्ग असलेल्या एका रोग्यावर २०१६ सालीं हा फेज व प्रतिजैविक मिळून वापरण्यांत आलें, व तो संसर्ग पुन्हा उलटला नाहीं.

अशा कथा ऐकून मन भारून जातें. परंतु एकेका रोग्याची कथा म्हणजे पुरावा नव्हे. ज्यांना गुण आला नाहीं त्यांची कथा कोणी सांगत नसतो. यासाठीं रोग्यांचे दोन गट पाडून, एकाला खरें औषध व दुसऱ्याला दिसावयास तसेंच परंतु पोकळ औषध देऊन तुलना करावी लागते. असे प्रयोग थोडे झाले आहेत, आणि त्यांचा निकाल संमिश्र आहे. लंडनमध्यें वाहत्या कानाच्या २४ जुनाट रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत फेज मिळालेल्या गटाला अधिक गुण आला; तो वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. उलट ढाका येथें जुलाबानें आजारी १२० बालकांवर झालेल्या प्रयोगांत, २०१६ च्या वृत्तांताप्रमाणें, फेजापासून अपाय झाला नाहीं, पण विशेष लाभही झाला नाहीं. फ्रान्स व बेल्जियम येथें भाजलेल्या रोग्यांच्या जखमांवर फेज लावलें, तें नेहमींच्या मलमापेक्षां मागें पडलें. पुढें तपासतां असें दिसलें कीं, सांठवणींत फेज मरून गेल्यामुळें ठरल्यापेक्षां फारच थोडी मात्रा रोग्यांना मिळाली होती. १९३० च्या सुमाराच्या बाटल्यांचीच ही पुनरावृत्ति! तिब्लिसी येथें मूत्रमार्गाच्या विकारावर झालेल्या प्रयोगांत फेज प्रतिजैविकाच्या बरोबरीनें चाललें, परंतु नुसत्या पाण्यासारख्या द्रवानें मूत्राशय धुतल्यासही तितकाच गुण आला, असें २०२१ सालीं जाहीर झालें.

बेल्जियमच्या पुढाकारानें १२ देशांतील १०० रोग्यांना निवडक फेज देण्यांत आले, त्यांचा वृत्तांत २०२४ सालीं निघाला. सुमारें ७७ टक्के रोग्यांची प्रकृति सुधारली व ६१ टक्क्यांत तो जंतु नाहींसा झाला. तुलनेचा गट यांत नव्हता, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. परंतु त्यांतील एक गोष्ट फार मोलाची आहे: ज्यांना फेजाबरोबर प्रतिजैविकही दिलें नव्हतें, त्यांच्यांत जंतु नाहींसा होण्याचा संभव बराच कमी आढळला. म्हणजे फेज हा प्रतिजैविकांच्या जागीं बसणारा वारस म्हणून नव्हे, तर त्यांच्या जोडीला येणारा साथीदार म्हणून अधिक शोभतो. आपल्याकडे काशी हिंदु विद्यापीठांत सहा आठवडे उपचार करूनही न भरलेल्या जखमांच्या २० रोग्यांवर फेज लावून पाहण्यांत आलें. २०१९ च्या वृत्तांताप्रमाणें त्यांपैकीं सात जणांच्या जखमा तीन आठवड्यांत पूर्ण भरून आल्या. हाही प्रयोग तुलनेच्या गटावांचून झालेला आहे. परंतु गंगेच्या कांठीं हें काम पुन्हा सुरू व्हावें, ही आनंदाची गोष्ट होय.

फेज हें आपल्या देशांत अजून नित्याच्या उपचारांत आलेलें नाहीं. तेव्हां ज्यांच्या घरीं जुनाट दुखणें आहे त्यांनीं कोणी फेजाचें नांव घेऊन आला तर त्याला चार प्रश्न विचारावेत. पहिला, हें दुखणें जंतूंमुळेंच आहे हें कशावरून? मधुमेह, दमा, संधिवात यांवर फेज चालत नाहीं. फार तर त्यांच्या पाठोपाठ आलेल्या जंतूंच्या संसर्गावर चालेल. दुसरा, जंतु कोणता हें तपासलें काय? तिसरा, हा फेज त्याच जंतूवर प्रयोगशाळेंत लावून पाहिला काय, आणि तो शुद्ध व जिवंत आहे याची परीक्षा कोणी केली? चौथा, चालू असलेलें औषध बंद करा असें तो सांगतो काय? याचें उत्तर होय असेल, तर त्याला नमस्कार करून वाटेस लावावें आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जुनाट दुखण्यानें माणूस नुसता शरीरानें थकत नाहीं. दहा ठिकाणीं जाऊन, दागिने मोडून, कर्ज काढून तो अशा स्थितीला येतो कीं कोणीही कांहीं सांगितलें तरी त्याला खरें वाटावें. अशा माणसाला “हें सर्व थोतांड आहे” असें म्हणणें निर्दयपणाचें आहे, कारण तें खरें नाहीं. आणि “हाच रामबाण आहे” असें म्हणणें त्याहून निर्दयपणाचें आहे. शंभर वर्षांपूर्वीं या उपायाचा घात झाला, तो त्याच्या निंदकांनीं नव्हे, उतावळ्या स्तुतिपाठकांनीं केला. या खेपेस त्याला शांतपणें, मोजून-मापून आपली योग्यता सिद्ध करूं द्यावी. तोंवर आपल्या हातांत जें आहे तें आपण करावें: डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून प्रतिजैविक घेऊं नये, सांगितलें तर ठरल्याप्रमाणें पुरें करावें, आणि शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आपल्या तापावर वापरूं नयेत. हातचीं औषधें अशीं जपलीं, तर फेजांची परीक्षा पुरी होईपर्यंत तीं आपल्याला साथ देतील.